उपटलेल्या वायरीचा दिवा

मला फसवलं ते माझ्या मेव्हण्याने, विलासने. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी भुताखेतांवर ढकलून त्याला सोडवायला नको. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता... गाळ्याच्या दारावर लिंबू-मिरचीसुद्धा मी बांधू दिली नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये माझं प्लास्टिकच्या डब्यांचे साचे बनवायचं वर्कशॉप. हेल्पर म्हणून लागलेलो, स्वतःच्या हिमतीवर मालक झालो. वरच्या केबिनमध्ये दोन कॉम्प्युटर – एकावर मी डिझाइन काढायचो, दुसऱ्यावर विलास बिलं करायचा. फोनची लाइन त्याच्याच कॉम्प्युटरला. दोन्हींच्या वायरी भिंतीवरच्या हबमध्ये, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या डबीत खोचलेल्या. ज्या वायरीतून काही जाईल तिचा दिवा लुकलुकायचा.

त्या वर्षी माझा डबा बाजारात यायच्या आधीच मानपाड्याच्या एका कारखान्याचा हुबेहूब तसाच डबा यायला लागला. गिऱ्हाइकं मलाच नक्कलखोर म्हणायची!

खंडेनवमीला आम्ही मशीनं पुसून, झेंडू वाहून बंद ठेवतो. त्या दिवशी कोणी काम करत नाही. विलास म्हणाला, "भावजी, कॉम्प्युटर चालूच ठेवू. काळ्या पडद्याची काय पूजा करायची?"

मी कुंकू लावायला वाकलो आणि हबवर माझा दिवा लुकलुकला. मग त्याचा. पुन्हा माझा... दोघं गप्पा मारत बसल्यासारखे. की-बोर्डवर फुलं होती, कोणाचं बोटही नव्हतं.

"हे काय रे?"

"देव पावला, भावजी!" तो हसला. पण पेढा त्याच्या हातातच राहिला.

डोंबिवलीहून कॉम्प्युटरवाले जोशी आले. "शेठ, दोन्हींत प्रोग्रॅम लपवलाय. तुमचा कॉम्प्युटर गुपचूप ड्रॉइंग बिलांच्या कॉम्प्युटरला देतो, तो फोनवरून बाहेर धाडतो. कामाच्या दिवशी कळलंच नसतं, दिवे लुकलुकतच असतात."

विलासची कॉलर धरली. "बहिणीचं तरी तोंड बघायचंस!"

"तुम्ही बघितलंत? भागीदार करतो म्हणालात, नोकर करून ठेवलंत!"

किल्ली हिसकावून त्याला हाकलला. जोशींनी दोन्ही कॉम्प्युटर कोरे केले, फोनची लाइन तोडली. माझी वायर हबमधून मीच उपटली.

आठवड्याने बघतो तर त्या रिकाम्या भोकाचा दिवा लुकलुकतोय. मग विलासचा. मग पुन्हा रिकामा...

मीही पेटलो. माझ्या कॉम्प्युटरवर एका झाकणाचं ड्रॉइंग काढलं आणि कडेला मुद्दाम एक बिनकामाची खाच ठेवली. ते ड्रॉइंग ना कागदावर उतरवलं, ना कोणाला दाखवलं.

पुढच्या महिन्यात मानपाड्याचं नवं झाकण आलं. कडेला तीच खाच.

जोशी ते उलटसुलट करत बसले. "शेठ, वायरच नाही तर जाईल कुठून?" त्यांना आजही सांगता येत नाही, मलाही नाही.

विलास आता टिटवाळ्याला असतो. आधीची चोरी त्याने कबूल केली. खाचेचा विषय निघाला की उठून जातो. ते झाकण माझ्या टेबलावर आहे. विलास, बहिणीकडून निरोप पाठवू नकोस. समोर ये, त्या खाचेवर बोट ठेव आणि सांग – ही तुला कोणी दिली?