मागच्या भिंतीवरचे पतंग

पन्नाशी उलटली तरी गल्लीत तिला सगळे बेबीच म्हणत. पँटची उंची कमी करणं, बिघडलेली चेन बदलणं, असली शिवणकामं ती तळमजल्याच्या दोन खोल्यांत बसून करायची. सोबत थोरला भाऊ. दादाची उभी हयात बस डेपोत इंजिनं उघडण्यात गेली होती. आता त्याच्या डोक्यातलं एकेक गळत चाललं होतं. बायको कधी गेली ते आठवत नव्हतं, आपण जेवलो की नाही तेही नाही.

उन्हाळा लागला की मात्र त्याला सकाळी उठवावं लागत नसे. मागच्या दाराबाहेर हातभर बाग होती. तिथल्या दिव्यावर रात्री आलेले पतंग उजाडल्यावर भिंतीला चिकटून बसलेले असत. दादा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठाण मांडायचा.

"बेबी, हवालदार आलाय बघ!" खाकी रंगाच्या जाड्या पतंगाला तो हवालदार म्हणे.

मग वेलीतलं बुलबुल झेपावायचं आणि हवालदाराला चोचीत धरून पिल्लांकडे पळायचं. दादा गदगदून हसायचा. "गेली वर्दी!" तेवढ्यापुरता बेबीला आपला जुना भाऊ परत मिळायचा.

वरच्या मजल्यावर घरमालकाची सून राहायची. यंदा तिची लहानगी डासांच्या तापाने हॉस्पिटलात पडली, मरता मरता वाचली. ती घरी आली त्याच दिवशी फवारणीवाला पाठीवर टाकी बांधून बागेत शिरला. बेबी हातातलं काम टाकून वर धावली.

"अगं, वेलीत पिल्लं आहेत. चार दिवस थांब ना. दादाला तेवढाच एक विरंगुळा..."

"मावशी, तिच्या हातातली सलाईनची सुई अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पाखरांसाठी थांबू मी?"

बेबी तशीच मागे फिरली. खाली येऊन तिने दादाला आत घेतलं आणि खिडक्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी भिंत कोरी होती, खाली पतंगांचा खच. मग वेलीतली चिवचिव थांबली आणि बुलबुल कुंडीजवळ उलटं पडलेलं सापडलं. दादा ते ओंजळीत घेऊन बसला. "हळू बोल, झोपलंय." वास यायला लागला तरी देईना. शेवटी बेबीने त्याची बोटं एकेक करून सोडवली, तर त्याने तिच्या थोबाडीत मारली.

गाल चोळत तिने तपकिरी चिंध्यांचे पतंग कापले, पंखांवर दोऱ्याने रेघा घातल्या आणि ते भिंतीला डकवले. सकाळी दादा बराच वेळ बघत राहिला. उठून एकावरून बोट फिरवलं.

"हे कापड आहे." आवाज डेपोतला, ठणठणीत. "बेबी, मला वेड लागलंय का गं?"

'नाही रे' म्हणायला तिने तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

त्यानंतर तो मागच्या दाराकडे फिरकला नाही. पडून राही, भरवलेला घास गालातच राही. उन्हाळा सरायच्या आत तो गेला.

काही आठवड्यांनी सून मुलीला घेऊन आली. आजारात पोर वाळली होती, फ्रॉक ढगळ होत होता. सून उंबऱ्यातच घुटमळली. "बाजूने आत घ्याल का, मावशी?"

"इकडे ये गं," म्हणत बेबी टेप घेऊन पोरीसमोर बसली. बरगड्या हाताला लागत होत्या. फ्रॉक तिने त्याच दिवशी करून दिला. आत घेतलेलं कापड मात्र कापलं नाही. पोर अंगाने भरली की उसवता यावं म्हणून.