काचेआडचा पक्षी

माझी मावशी रफू करायची. पंचेचाळीस वर्षं, त्याच खिडकीशी, त्याच खुर्चीत. सिगरेटने जळलेला कोट असो की कसरीने खाल्लेलं स्वेटर, ती असं सांधायची की गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून विचारायचं, "भोक होतं तरी कुठे?"

"मलाही सापडत नाहीये," मावशी म्हणायची. "चुकून चांगलाच कोट घेऊन आला असाल."

टाके काय, शिकून येतात. मलाही येतात. पण तिची खरी करामत डोळ्यांत होती. काळ्या रंगाचे सात प्रकार तिला ओळखता यायचे. दोऱ्याचं रीळ घेऊन दारात उजेडाला जायची आणि म्हणायची, "हा नको, हा लालसर काळा आहे." मला मेलीला सगळे सारखेच दिसायचे.

खिडकीसमोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. फांदीवर बसलेला लांब शेपटीचा पक्षी, जलरंगातला, जुनाट सोनेरी चौकटीत. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तिच्या कामावर खूश होऊन दिलेलं. त्याच्या आजोबांच्याही आधीचं होतं म्हणे. डोळे शिणले की मावशी मान वर करून त्या पक्ष्याकडे बघत बसायची. मी तिला चिडवायचे, "झाली का भेट?"

गेल्या वर्षी ती विसरायला लागली. चहात दोनदा साखर. एकाचा कोट दुसऱ्याच्या हातात. मी घाबरले, आणि घाबरले की माझी जीभ फार चालते. एका दुपारी ती म्हणाली, "आपल्या पक्ष्यासारखं निळं रीळ दे गं."

मी भिंतीकडे पाहिलं. पक्षी चांगला मातकट करडा होता.

"निळा? मावशी, अगं तो निळा कुठाय?"

ती उठली. चष्मा पुसला, चित्राशी गेली, कितीतरी वेळ बघत राहिली. "निळाच होता गं. रंग उडाला असेल."

"काचेआड आहे तो! काचेआड कसा उडेल रंग?" मोठा डाव जिंकल्यासारखी मी बोलले. तीस वर्षं रोज समोर असलेलं चित्र मी कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

"हं," ती म्हणाली. "तेही खरंच."

एवढ्यावर तरी मी गप्प बसावं ना! नाही. भावाला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, गिऱ्हाइकांनाही हसत हसत सांगितलं. मावशीने रंग निवडला की मी "हो हो" म्हणायचे आणि तिच्या पाठीमागे रीळ बदलायचे. तिच्या ते लक्षात येत नाही असं मला वाटायचं. एके दिवशी तिने सुई गादीत खोचली आणि दोऱ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. "तूच बघ आता. माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा नाही."

त्यानंतर आठ महिने ती त्याच खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून असायची. जेवण निम्म्यावर आलं. भिंतीकडे मात्र बघायची नाही. काम सुटलं तशी बाई माझ्या डोळ्यांदेखत खंगत चालली होती आणि मी म्हणत होते, वयच झालंय.

मागच्या आठवड्यात झाडताना चित्र माझ्याकडून पडलं, काच तडकली. फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने मागचे खिळे काढले, पक्ष्याभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी अलगद उचलली आणि थबकला.

"ताई, हे बघा."

पुठ्ठ्याखाली शेपटीचं टोक झाकलेलं होतं. दोन बोटं असेल. आणि ते निळं होतं! काल रंगवल्यासारखं गडद, निळंशार. जिथे पुठ्ठा संपत होता तिथे सरळ रेष. अलीकडे निळा, पलीकडे करडा.

"समोर खिडकी असणार तुमच्याकडे," तो म्हणाला. "ऊन काचेने थोडंच अडतं? निळा असा नाजूक असला की पार उडून जातो. त्या वेळी कुणीतरी तयार पुठ्ठाच बसवलाय, मापाचा न कापता. म्हणून एवढं वाचलं."

त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी रडले. त्याला म्हटलं, पुठ्ठा आतून मोठा कापा, शेपटी अख्खी दिसली पाहिजे. चित्र तयार झालं तशी जवळजवळ पळतच घरी आले.

मावशीने चौकट हातात घेतली. उठली, आणि पूर्वीसारखी दारात उजेडाला गेली. माझ्या जिवात जीव आला. दोऱ्यांचा डबा मी आधीच तिच्या खुर्चीपाशी ठेवला होता. ती निळ्यावरून बोट फिरवत राहिली.

"हाच रंग," ती म्हणाली. "अगदी हुबेहूब. कुणाकडून रंगवून घेतलास?"

"रंगवला नाही गं! मूळचाच आहे, पुठ्ठ्याखाली झाकला होता. तू बरोबर होतीस, मावशी. मी चुकले. तुझी शपथ!"

तिने चित्र टेबलावर ठेवलं आणि माझे डोळे पदराने पुसले.

"हो हो," ती म्हणाली. "रडू नकोस. माझ्यासाठी केवढी धडपड केलीस." वर्षभर मी तिची समजूत काढत होते, तशीच ती आता माझी काढत होती. मग डबा उचलून तिने माझ्या हातात दिला.