घंटेवरच्या रेषा

ती घटना पोलिसाची वर्दी उतरवल्यानंतरची, तरी नोकरीतल्या कुठल्याही गुन्ह्यापेक्षा तीच मला जास्त छळते. मी मुलाकडे शारजाला, अल नहदात राहायला आलो होतो. शेजारी वसईचे एक हॉटेल मॅनेजर. त्यांना अमेरिकन चांदीच्या नाण्यांचा नाद. एकोणीसशे पन्नासच्या दशकातले अर्धे डॉलर, मागच्या बाजूला घंटा. घंटेच्या तळाशी केसाएवढ्या बारीक रेषा. त्या शाबूत असल्या तर नाण्याला मोल, नाहीतर नुसती चांदी. रेषा झिजू नयेत म्हणून ती काळपट नाणी ते स्वतः फडक्यानेही पुसत नसत.

एके दिवशी नाण्यांचा डबाच गायब झाला. वॉचमनकडून खबर मिळाली की डबा शेजाऱ्यांचाच मित्र घेऊन गेला. मित्र रत्नागिरीकडचा, औद्योगिक क्षेत्रातल्या गॅरेजात फिटर. वीस वर्षं दर रविवारी यांच्याकडेच जेवणारा.

मी म्हटलं, सरळ विचारा त्याला. त्यांना ते जमेना. "पोलिसात गेलो तर त्याचा व्हिसा खलास. साहेब, तुम्हीच गुपचूप बघा."

मी त्याला चहाला बोलावलं. मुरलेला चोर नजरेला नजर देऊन खोटं बोलतो. हा कपातच बघत राहिला. डब्याचा विषय काढताच कानशिलं लाल झाली. शनिवारपर्यंत थांबा, एवढंच म्हणाला. माल हलवायला मुदत मागणारे मी पुष्कळ पाहिले होते. दुसऱ्याच दिवशी गॅरेज गाठलं.

तो बफिंगच्या, म्हणजे धातू घासून चकचकीत करायच्या चाकापाशी होता. शेजारच्या फडक्यावर सगळी नाणी, आरशासारखी लख्ख. शनिवारी शेजाऱ्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती.

"काळी पडलेली, साहेब. म्हटलं सरप्राइज देऊ." तो हसला, मग हसू मावळलं. "त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

मी फडक्यावरच्या नाण्यांकडेच बघत राहिलो.

"मला विचारायचं ना. सांगितलं असतं."

शनिवारी त्याने डबा हातात दिला. शेजाऱ्यांनी एका नाण्यावर अंगठा फिरवला. रेषा गेल्या होत्या. "एकदम नवी केलीस रे," म्हणत त्यांनी त्याला मिठी मारली. नुकसानीचा शब्द आजतागायत काढला नाही. पण त्यानंतरच्या एकाही रविवारी तो जेवायला आला नाही. फोन केला की ड्युटी आहे म्हणतो.

घरच्या माणसाचा तपास करू नये, त्याला विचारावं, हे मी या केसमध्ये शिकलो. आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. कबुली काढण्यासाठी आरोपींशी मी नोकरीभर बेधडक खोटं बोललो. त्या दिवशी गॅरेजात "नाही, मी सहज आलो" एवढंच म्हणायचं होतं, तर जीभ वळली नाही.