थेनचं उपडं पात्र

फोन सकाळी सात वाजता आला. इथे आखातात, बरका गावातल्या बांधकामाच्या साइटवरचा फोरमन होता. "सर, आपका बर्मावाला दोस्त... खलास." थेनला हार्ट अटॅक म्हणे. आदल्याच दिवशी थेनच्या गावातल्या विहारावर त्याच्याच देशाच्या सैन्याने विमानातून बॉम्ब टाकल्याची बातमी आली होती. लहानपणी ज्यांनी त्याला पाली शिकवलं, ते म्हातारे भन्ते त्यात गेले. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचा झटका लिहिलाय. मी तो कागद मानत नाही. पाच आठवडे झाले, माझा संताप काही उतरत नाही.

थेन साइटवर इलेक्ट्रिशियन, राहायला अल हैलला एका खोलीत. अल् घुब्र्यात आमच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी नागपूर-अकोल्याकडच्या चार-पाच कुटुंबांची बुद्धवंदना होते, तिथे तो यायला लागला. त्याचे पालीचे उच्चार आमच्याहून निराळे, पण एक ओळ चुकेल तर शपथ. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा पाजळला, "तुझा देश तर बौद्धांचाच की रे. तिथे बौद्धांना कसला त्रास?" तो नुसता हसला आणि चहा प्यायला. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्याच वर्षी बुद्धपौर्णिमेला मी आणि माझी बायको सुजाता खीर घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. तो अंघोळीला गेला होता. फळीवर एक काळं, वाटोळं लोखंडी भांडं उपडं पडलेलं, वर ही धूळ! "एकट्या पुरुषाचं बिऱ्हाड, दुसरं काय," म्हणत सुजाताने ते घासलं, सुलटं केलं आणि त्यात काठोकाठ खीर ओतली. सणासुदीला कुणाचं भांडं रिकामं ठेवायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. थेन बाहेर आला आणि जागीच थिजला. "भाभी... ये किसने सीधा किया?" त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग त्याने खीर पातेल्यात काढली, एक शीत सांडू न देता, भांडं कोरडं पुसलं आणि पुन्हा उपडं ठेवलं. "अहो, मी काय केलं हो?" सुजाता रडवेली झाली.

तेव्हा कुठे तो बोलला. ते त्याचं भिक्षापात्र होतं. तरुणपणी तो भिक्खू होता. सरकारने उपाशी लोकांवर लाठ्या चालवल्या तेव्हा भिक्खू पात्रं उपडी करून रस्त्यावर उतरले. याचा अर्थ, तुमचं दान आम्ही घेणार नाही, तुमचं पुण्य तुमच्यापाशी ठेवा. भिक्खूला करता येतो तो एवढाच राग. सैनिक बुटांसकट विहारात शिरले, त्याचं चीवर अंगावरून ओढून काढलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. वर तेच सेनापती मर्जीतल्या महास्थविरांपुढे हात जोडून फोटो काढणार, धर्माचे रक्षक म्हणून मिरवणार! आता तर देशाचे तुकडे पडलेत आणि विहारांवर बॉम्ब पडतायत. "माफी माँगेगा, तो सीधा करेगा," थेन म्हणाला. "नहीं तो ऐसाही."

हे सगळं त्याला एका शुक्रवारी सगळ्यांपुढे सांगायचं होतं. मीच अडवलं. "परक्या मुलखात राजकारण नको बाबा, नोकऱ्या जातील." त्याने मान डोलावली, पुन्हा विषय काढला नाही. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच्या गावाकडच्या बहिणीचा फोन लागत नव्हता, म्हणून अंत्यविधी आम्हीच उरकला. मग आमच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. फोटोशेजारी ते पात्र, उपडंच. त्याच्या सरकारचा एक अधिकारी मृत्यूचे कागद द्यायला म्हणून आला तो थेट फोटोग्राफर घेऊन. गोड गोड इंग्रजीत म्हणाला, आमचं सरकार बौद्धांना कधी विसरत नाही, याच्या पात्रात भाताचं दान देतो. आणि पात्र सुलटं करायला त्याने हात पुढे केला.

मी भित्रा माणूस आहे. वीस वर्षं अर्बाबपुढे, म्हणजे इथल्या अरब मालकापुढे, "येस सर" केलंय. पण त्या क्षणी दोन्ही हात पात्रावर दाबून धरले. "नो सर. आधी माफी मागा."

"मेलेल्याला काय कळतंय?" तो हसला.

"मला कळतंय ना!" मी ओरडलो. मग सुजाता येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, मग एकेक करत सगळेच... तो भात घेऊन परत गेला.

पात्र आता आमच्याकडे बुद्धमूर्तीशेजारी असतं. परवा माझी लेक मित्रा फडकं घेऊन तिथे थबकली. तिचं मराठी इथल्या शाळेतलं, अडखळत चालणारं.

"पप्पा, डस्ट आहे. मी साइडनी पुसते, उचलणार नाही. पण सरळ कधी करायचं?"

"ते माफी मागतील तेव्हा."

"आणि नाही मागितली तर?"

स्वयंपाकघरातून सुजाता म्हणाली, "तर तुझ्या पोरांना सांगून ठेव, हात लावू नका म्हणून."