ड्रोनसाठी घातलेला मांडव

पिंपळे गुरवमधल्या आमच्या गल्लीवरून घरपट्टीच्या मोजणीसाठी ड्रोन फिरणार असल्याची बातमी आली, तेव्हा सगळ्यात जास्त बोललो तो मी. चाकणला आमच्या कंपनीत 'तुमच्याच सेफ्टीसाठी' म्हणून लाइनवर कॅमेरे बसवले होते. पुढे कोण किती वेळ मशीन सोडून गेला, ते त्याच कॅमेऱ्यांवरून विचारायला लागले. त्यामुळे 'फक्त सर्व्हे आहे' ह्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. शिवाय आमच्या घराण्याची शेती गेली, त्याची सुरुवातही मोजणीपासूनच झाली होती.

शेजारच्या घरात माझी चुलती एकटी राहते. खालच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या, आणि गच्ची तिची. उन्हाळ्यात ती तिथं कुरडया घालते, रात्री खाट टाकून झोपते. तिनं मला विचारलं, "आरं, माज्या गच्चीत त्यांला काय गावनार हाय?"

"काकी, त्यांना काय काय हवंय ते आपल्याला कळत नाही. आज कुरडया दिसतील, उद्या धंदा म्हणून कर लावतील."

ती घाबरली. ती घाबरावी असंच माझं बोलणं होतं, हे मला आज कबूल करावं लागतं. रविवारी मी स्वतः बांबू उभे केले आणि तिच्या गच्चीवर निळी ताडपत्री घट्ट ताणून बांधली. समोरचा म्हणाला, "काय राव, मांडव कुणाच्या लग्नाचा?"

"ड्रोनच्या," मी म्हणालो. सगळे हसले. संध्याकाळपर्यंत आणखी दोन गच्च्या झाकल्या गेल्या, आणि मला उगाच बरं वाटलं.

काही महिन्यांनी काकीला नोटीस आली. गच्चीवर नवीन शेड, त्याची वाढीव आकारणी. खात्री करायला सर्व्हेच्या एजन्सीची एक मुलगी टॅब घेऊन आली. जिना चढून दमलेली होती, काकीनं तिला आधी पाणी दिलं. ताडपत्रीखाली उभी राहून ती म्हणाली, "वरून छत दिसलं की शेड धरतात, काका. ज्या गच्च्या उघड्या होत्या, त्यांना काही आलं नाही."

"मंग ह्ये बांदलंच नसतं तर?" काकीनं विचारलं.

"तर मी आलेच नसते, आजी."

काकी माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. तिनं बघितलं नाही. पडलेली एक दोरी उचलून ती गुंडाळत बसली.

ताडपत्री मी त्याच दिवशी काढली. पण हरकत घ्यायला मालकिणीलाच यावं लागेल, असं कळलं. शिफ्ट बदलून मी तिला रिक्षानं पालिकेच्या ऑफिसात नेलं. तिचे गुडघे धरलेले, आणि बाक भिंतीला लागून एकच. साहेब जेवायला गेले होते. नंतर फोनवर ओटीपीचा आकडा येईना, आला तेव्हा तिला तो वाचता येईना, मी वाचला. ती मला एकदाही टोचून बोलली नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. शेडची नोंद शेवटी रद्द झाली, पण त्यासाठी तिला तीनदा ऑफिसचा जिना चढावा लागला.

परवा विजेचे नवे मीटर बसवणारे गल्लीत आले. कंपनीतून येऊन बघतो, तर काकीच्या दारात जुना मीटर खाली काढून ठेवलेला आणि कामगार चहा पितायत. पूर्वी असं कुणी आलं की ती आधी मला हाक मारायची.

"काकी, विचारायचं तरी होतंस. ह्या मीटरचं लोक काय काय सांगतात—"

"तुजं खरं बी असंल रं," ती म्हणाली. "पन तुला तरी कुटं ठावं हाय?"

त्या मीटरवर माझा अजूनही विश्वास नाही. तो कुणाच्या फायद्यासाठी बसतोय, हे मला कुणी धड सांगितलेलं नाही. पण तिच्यापुढे ते बोलायला मला आता तोंड राहिलेलं नाही. कामगारानं मला कप पुढे केला. काकी तोवर आत जाऊन दिवा लागतो का ते बघत होती.