भाच्यांची गल्ली

वारा पडला होता, पण आभाळ राखेच्या रंगाचं होऊन खाली उतरलं होतं. मावशीने मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. कपडे वाळत घालायचे दोन खांब काल होते, आज एकच. दुसरा खाली पाण्यात, दोरीसकट हेलकावे खात होता. अंगण पुन्हा खचलं होतं. कड आणि मागच्या खोलीची भिंत यांच्यात आता जेमतेम एक खाट आडवी मावली असती.

तिने घमेलं घेतलं आणि मोरीत शिरलेली वाळू उपसायला बसली. अंगणाखालची वाळू ओढून न्यायची आणि मोरीत आणून ओतायची, या मेल्या समुद्राला काही रीतच नाही, असं पुटपुटत.

नवरा गेल्यावर याच घराच्या तीन खोल्या सुट्टीच्या पाहुण्यांना देऊन तिने मुलीला शिकवलं, उजवलं. अख्खी गल्ली तशीच जगायची. पालिका दर पाहुण्यामागे किनारा-कर घ्यायची आणि भरल्याची खूण म्हणून त्याच्या मनगटाला निळी पट्टी बांधायची. त्या पैशातून किनारा राखायचा, असा बेत. पण कराचं नाव काढलं की पाहुणे नाक मुरडायचे. मग गल्लीने डोकं लढवलं. तपासनीस आला की पाहुण्यांनी सांगायचं, आम्ही घरचेच. हिच्याकडे उतरलेला प्रत्येक जण हिला मावशी म्हणायचा. शेजारचा न्हावी माळा भाड्याने द्यायचा, तो सगळ्यांचा काका. तपासनिसाला कळत नव्हतं असं नाही. "मावशी, तुमच्या बहिणींना पोरं काढण्याशिवाय दुसरं काम नव्हतं का हो?" म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. गल्ली पोट धरून हसायची.

यंदा पालिकेने वाळू उपसणारं जहाज आणलं. जाडजूड नळांतून मोठ्या हॉटेलांसमोर वाळू पडली, किनारा पुन्हा भरला. आता आपली पाळी, म्हणून गल्ली डोळे लावून बसली होती. आज मोरी उपसता उपसता मावशीला लोखंडाचे ठोके ऐकू आले. बाहेर येऊन बघते तर माणसं नळ सुटे करून ट्रकवर चढवत होती.

ती तशीच, ओल्या पायांनी पालिकेत पोचली.

तिथला अभियंता वयाने तिच्या मुलीएवढा. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मग म्हणाला, "मावशी, जिथून कर येतो तिथे आधी वाळू, असा ठराव आहे. तुमच्या गल्लीत पर्यटक येतच नाहीत. सगळे नातेवाईक."

टोमणा असता तर तिने परतवला असता. पण तो खरंच समजावून सांगत होता.

"नव्हते रे नातेवाईक," ती म्हणाली. "एकही नव्हता. खोटं बोललो आम्ही."

त्याने उठून दार लोटलं. हे मी ऐकलं नाही, म्हणाला. ऐकलं तर अख्ख्या गल्लीच्या खोल्यांना टाळं ठोकावं लागेल. ठोक, ती म्हणाली, पण माझी भिंत वाचव. त्याने नकारार्थी मान हलवली. यंदाचा निधी संपला होता. पुढची वाटणी या हंगामाच्या करावर व्हायची. किनाराच उरला नाही तर हंगामात येणार कोण, हे तिने विचारलं तेव्हा त्याने ठरावाची फाईल मिटली. निघताना तिने पदरमोड करून एका खोलीपुरत्या पट्ट्या घेतल्या.

घरी आली तर पायरीवर तिची धाकटी बहीण बसलेली. सख्खी. दूरच्या गावाहून आली होती ती हिला घेऊन जायला. मागची भिंत बघून आली होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बस्स झालं, कपडे भर, म्हणाली.

मावशीने पट्टी काढली. "हात पुढे कर."

"हे काय? मी गिऱ्हाईक?"

"हो. तू, तुझा मुलगा, सून. सगळ्यांना बोलाव. राहू नका वाटल्यास. कर मी भरते. गल्लीतून कर गेला तर पुढच्या वर्षी इथे वाळू पडेल."

मागे लाट आदळली आणि फळीवरच्या कपबशा किणकिणल्या.

"ताई, वाळू पुढच्या वर्षी. तोवर ही भिंत थांबेल?"

बहिणीचं मनगट धरून मावशीने पट्टी बांधली. दोनदा सुटली, दोनदा पुन्हा बांधली. बाहेरून न्हाव्याने हाक मारून विचारलं, काय म्हणाले पालिकेत? गल्लीतली दोन-चार डोकीही दारांतून बाहेर आली.

"सांगते," ती म्हणाली.

मग पुढच्या खोलीत गेली, गादी उलटी केली आणि उशीला धुतलेला अभ्रा घालायला लागली.