मष्णूचं विमान

निपाणीजवळच्या त्या गावात कुणी थाप मारली की लोक म्हणतात, "मिटलं मष्णूचं विमान!" पोरंसोरंसुद्धा म्हणतात. मष्णू कोण, हे त्यांना ठाऊक नाही.

सोनुबाईला ठाऊक होतं. मष्णू तिचा बाप.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गावची माणसं बेळगावशेजारी सांबऱ्याला, विमानतळाच्या कामावर गेली. मष्णू मात्र एका ठेकेदाराच्या मागे पार कोइमतूरकडे, सुळूरला गेला. परतला तो एक गोष्ट घेऊन. तिथली विमानं म्हणे पंख मिटायची. तो दोन्ही कोपरं दुमडून हात पाठीशी न्यायचा. "कोंबडी खुराड्यात शिरताना मिटती, तशी. आरमाराची विमानं ती. जहाजावर जागा न्हाय म्हणून मिटत्यात."

सांबऱ्याहून आलेले पोट धरून हसले. विमानं त्यांनीही पाहिली होती. पंख ताठच्या ताठ. "आरमाराला विमानं कशाला रं? माशांवर बाँब टाकाय?"

मष्णू मरेपर्यंत हात दुमडून दाखवत राहिला. गावाला म्हण मिळाली.

बाप गेला, म्हण लेकीच्या वाट्याला आली. सोनुबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. एका दुपारी थप्पीतून तिला जळका वास आला. ती ओरडली. मुकादम हसला. "काय गं, बापाचं विमान उतरलं काय?" दिवस मावळायच्या आत थप्पी पेटली. माणसं वाचली, माल गेला. तूच सांगितलं होतंस, असं मात्र तिला कुणीही म्हटलं नाही.

तेव्हापासून ती कमी बोलू लागली. आणि एक गोष्ट तर तिनं कधीच कुणाला सांगितली नाही. बाप खोटं बोलला असेल, असं तिलाही वाटायचं.

सत्तरी ओलांडल्यावर ती नातीकडे, नीलमकडे राहायला आली. नीलम बेळगावात कॉलेजवर शिकवते, तिथल्याच शहापुरात राहते. एका संध्याकाळी ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "चल गं, मष्णूचं विमान नको मिटवूस!"

सोनुबाईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"मष्णू कोण, म्हायताय तुला?"

"कोण?"

"तुझा पणजा."

नीलमनं फोन ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मग तोच फोन पुन्हा उचलून शोधत बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आज्जी, सुळूरला खरंच इंग्रजांच्या आरमाराचा विमानतळ होता. जहाजांवरची विमानं तिथं आणत होते."

"आसंल तळ. पंखांचं काय?"

नीलमनं फोटो दाखवला. मिटलेल्या पंखांचं विमान. सोनुबाईनं फोन लांब धरला, जवळ धरला, परत दिला.

"फोनात काय गं, मांजराचाबी वाघ हुतोय."

"मग डोळ्यांनी बघणार?"

"कुठं?"

"गोव्यात. आरमाराच्या विमानांचं संग्रहालय आहे."

रविवारी दोघी चोर्ला घाटानं गेल्या. वळणावळणावर सोनुबाईला मळमळलं. "बापापायी आतडी बाहेर यायची आता," ती म्हणाली. पण गाडी मागे वळवू दिली नाही.

संग्रहालयाच्या आवारात विमानं उन्हात उभी होती. पहिल्याचे पंख ताठ. दुसऱ्याचेही ताठ. सोनुबाईची चाल मंदावली.

पुढच्या विमानापाशी सोनुबाई थांबली. त्याचे पंख मध्येच दुमडलेले होते. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "बाबा, ह्याचं पंख आसं का?"

"जहाजावर जागा नसते ना आजी," तो म्हणाला.

सोनुबाईनं कोपरं दुमडली. हात पाठीशी नेले. बाप करायचा तसेच. बराच वेळ तशीच उभी राहिली. पहारेकरी नीलमकडे बघू लागला.

"पाठ दुखते का आजींची?"

"नाही," नीलम म्हणाली. तिनं फोन काढून आज्जीचा विमानाखाली तसाच फोटो घेतला.

पुढच्या आठवड्यात सोनुबाई गावी गेली. पारावर गुंडूअण्णा बसला होता. सांबऱ्याहून येऊन सगळ्यात मोठ्यानं हसलेल्या माणसाचा हा मुलगा. तिनं त्याच्यासमोर फोटो धरला. फोटोत विमान होतं, विमानाखाली ती.

गुंडूअण्णानं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"आयला! म्हंजे मष्णूकाका खरं बोलत हुता?"

"व्हय."

"आन आमचा आप्पा मरेपत्तूर हसला की गं." मग तो डोकं खाजवत म्हणाला, "पण आक्का, म्हणीचं काय करायचं आता? गावाच्या तोंडात बसलीया ती."

"ऱ्हाऊ दे की," सोनुबाई म्हणाली. "तीच म्हणायची. फकस्त लोकांना पटत न्हाय आन तरीबी खरं आसतंय, तवा म्हणायची."

गुंडूअण्णानं मान डोलवली. तेवढ्यात पाराच्या दुसऱ्या टोकावरून एक जण ओरडला, "अण्णा, ही म्हातारी खरंच गोव्याला जाऊन आली व्हय?"

"मष्णूचं विमान हाय रं ते," गुंडूअण्णा म्हणाला. "मिटलेलं. आक्कानं डोळ्यानं बघितलंय."